मधल्या वाटेने नेलेली खुर्ची

लोर्कन : ते सगळं राहू दे, डर्व्हला. मी विचारतोय त्याचं उत्तर दे. डॅडींचा पाय कुठे आहे?

डर्व्हला : हळू बोल. फोन कानाला लावलाय तरी तुझा आवाज बाहेर ऐकू येतोय. मी चर्चच्या आवारात उभी आहे. मिस्सा आत्ताच सुटलीय, माणसं आहेत आजूबाजूला.

लोर्कन : असू देत. त्यांना सगळ्यांना माहीतच असणार. मला एकट्यालाच नव्हतं ना?

डर्व्हला : म्हणजे तू मिस्सा बघत होतास.

लोर्कन : दर रविवारी बघतो, तुला सांगितलंय मी. इथे पर्थमध्ये तेव्हा संध्याकाळ असते. बरोबरची पोरं मागच्या अंगणात मांस भाजत बिअर पीत असतात, आणि मी आत खोलीत फोनवर आपल्या चर्चमधला थेट कॅमेरा लावून बसतो. आवाज बंद ठेवतो, फादरचं प्रवचन नको असतं मला. नुसती डोकी बघतो. कोण कुठल्या बाकावर बसलंय, कुणी केस कापलेत. आणि आज तू चाकाची खुर्ची ढकलत मधून येताना दिसलीस. मला वाटलं, कुणा म्हाताऱ्याला आत आणतेयस. मग त्या म्हाताऱ्याने मान वळवली. आणि पँटचा एक पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला.

डर्व्हला : पिन नाही. मॅमीने शिवून घेतलाय तो.

लोर्कन : शिवून घेतलाय. म्हणजे शिवणटिपण करण्याइतका वेळ होता. मला एक वाक्य सांगायला वेळ नव्हता.

डर्व्हला : जानेवारीत कापला. आता विचारणारच आहेस तर ऐक.

लोर्कन : मे चाललाय, डर्व्हला.

डर्व्हला : मला महिने मोजता येतात. नाताळानंतर गमबुटाने त्यांची टाच सोलली. साखर वाढलेली, त्यांना कळलंच नाही. कळल्यावर चिंधी बांधली आणि मेंढ्यांमागे फिरत राहिले. मॅमीला सांगितलं नाही. शेवटी स्वयंपाकघरात वास यायला लागला. मॅमीला वाटलं, फळीमागे उंदीर मेलाय. तिने सगळी भांडी बाहेर काढून फळ्या धुतल्या. ते खुर्चीत बसून बघत होते, तरी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा शेजारच्या गॉनने उचलून गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर एक बोट गेलं असतं. आता गुडघ्याखाली सगळं.

लोर्कन : आणि मी त्या वेळी काय करत होतो? तुम्हाला दर बुधवारी फोन करत होतो. चेहरा बघून बोलत होतो मी त्यांच्याशी. हॉस्पिटलात होते तेव्हा काय सांगितलंत मला? सर्दी झालीय, झोपलेत. मग परत दिसायला लागले. टेबलाशी बसलेले, समोर चहाचा कप. छातीपासून वर.

डर्व्हला : हो. पावाच्या डब्याला टेकवून फोन ठेवायचो. त्याच्या खाली काही दिसत नाही.

लोर्कन : आणि मार्चमध्ये मी म्हणालो, डॅडी, नवी वासरं दाखवा ना. ते म्हणाले, बाहेर ओलं आहे. मी काय म्हणालो आठवतं तुला? मी म्हणालो, आळशी झालात तुम्ही, खुर्ची सोडवत नाही तुम्हाला. हसत म्हणालो. तेही हसले. मॅमी हसली. मागून तूही हसलीस, डर्व्हला. ऐकलं मी.

डर्व्हला : मग काय करायला हवं होतं मी?

लोर्कन : तोंड उघडायला हवं होतं. मी कुणीतरी परका पाहुणा आहे का, की आला की घरातलं फाटकं-तुटकं आत सरकवायचं?

डर्व्हला : मला ओरडू नकोस. हे मी ठरवलेलं नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय मागितली माहितेय? पाणी नाही. मॅमीचा आणि माझा हात धरून शपथ घ्यायला लावली, लोर्कनला सांगायचं नाही. त्याचे तिथे कायम राहण्याचे कागद व्हायचेत, तो निघाला तर सगळं बिघडेल. मॅमी तर दुसऱ्याच दिवशी घरोघरी फिरली. ज्यांची ज्यांची पोरं पर्थला आहेत त्या सगळ्यांना गळ घालून आली.

लोर्कन : पॅडनच्या घरीसुद्धा?

डर्व्हला : आधी तिथेच.

लोर्कन : म्हणजे टाइगला माहीत होतं. टाइग पॅडन माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. दर आठवड्याला एका मैदानावर खेळतो आम्ही, एका गाडीतून कामावर जातो. परवा मी गाडीत म्हणालो, डॅडी हल्ली लवकर फोन ठेवतात, माझ्यावर चिडलेत की काय कोण जाणे. तर त्याने रेडिओचा आवाज वाढवला. आज टीव्हीसमोर बसलाय बाहेर. आत्ता जाऊन विचारतो त्याला.

डर्व्हला : त्याला बोलू नकोस. त्याच्या आईने त्याला तंबी दिली होती. तो एप्रिलमध्ये घरी आला तेव्हा डॅडींना बघून गेला. गोठा साफ करून गेला.

लोर्कन : माझा गोठा टाइग पॅडनने साफ केला.

डर्व्हला : तुझा गोठा? तुझा कधीपासून झाला?

लोर्कन : तसं नाही म्हणायचं मला.

डर्व्हला : नाही, तसंच म्हणायचंय तुला. आता माझंही ऐकून घे. तुझ्यापासून लपवलं म्हणून तू रागावलायस. बरोबर आहे. माझ्यापासून कुणी काय लपवलं? काहीच नाही. मला सरळ फोन आला, ये. मी गॅलवेला होते. तिथे केस कापायच्या दुकानात माझी भागी होती, समुद्राकडे खिडकी असलेली खोली होती, आणि एक माणूस होता, ज्याच्याबद्दल तुला कधी सांगितलं नाही मी. मला कुणी विचारलं नाही, डर्व्हला, तुझे काही कागद अडकलेत का. गॅलवे काय, दोन-अडीच तासांवर. तू लांब आहेस म्हणून तुझं आयुष्य जपायचं, आणि मी जवळ आहे म्हणून माझं वापरायचं. रोज सकाळी ती जखम मी धुते. पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन ओकले. मग बाहेर येऊन पट्टी बांधली. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, भिंतीकडे बघत होते. आणि बुधवार आला की केस विंचरायचे, स्वच्छ शर्ट घालायचा, लोर्कनचा फोन. तुझ्यासाठी हसायचे ते. माझ्यासाठी उरलेले सहा दिवस.

लोर्कन : मला माहीत नव्हतं.

डर्व्हला : तेच तर. तुला माहीत नसायचं, हे काम होतं आमचं. दर आठवड्याला करत होतो.

लोर्कन : तो माणूस कोण?

डर्व्हला : आता नाहीये. सोड ते.

लोर्कन : तू मला एकदा तरी खुणेने सांगायचंस.

डर्व्हला : शपथ घेतली होती.

लोर्कन : शपथ.

डर्व्हला : हो, शपथ. तू मोडली असतीस, मी नाही मोडत. पण एक सांगते. आपल्या चर्चला बाजूचं दार आहे ना, शवपेटी नेतात ते? मॅमी दर रविवारी त्यांना तिथून आत नेते आणि खांबामागे बसवते. खांबामागचं कॅमेऱ्यात येत नाही. तिने आधी फादरच्या घरी जाऊन चित्र बघून खात्री करून घेतली होती. अर्धं गाव पर्थहून नि टोरांटोहून मिस्सा बघतं, हे तिला ठाऊक आहे. तू बघतोस हे मात्र तिला माहीत नाही. ते मला एकटीला माहीत होतं.

लोर्कन : पुढे बोल.

डर्व्हला : आज मॅमीला वर माडीवर गाणाऱ्यांच्यात बसवलं. खुर्ची माझ्याकडे आली. बाजूच्या दारापाशी आलो, डॅडी म्हणाले, इथून. मी थांबले. मग खुर्ची वळवून सरळ पुढच्या दाराने घेतली आणि मधल्या वाटेने वेदीपर्यंत नेली. त्यांना अर्ध्या वाटेत कळलं. चाकं धरायचा प्रयत्न केला त्यांनी, पण मी जोर लावला. सगळ्यांसमोर ओरडता येईना. दातांत बोलले, वळव. मी वळवली नाही. उलट कॅमेऱ्याखाली जरा थांबलेच. न सांगण्याची शपथ घेतली होती. खुर्ची कुठून न्यायची, याची नव्हती घेतली.

लोर्कन : म्हणजे तू मुद्दाम दाखवलंस मला.

डर्व्हला : तू फोन केला नसतास तर पुढच्या रविवारी पुन्हा नेली असती.

लोर्कन : आणि डॅडी? आता कुठे आहेत?

डर्व्हला : गाडीत. पुढच्या सीटवर. इथून बघतेय मी, काचेतून माझ्याकडे बघतायत. मॅमी तिकडे आजीच्या थडग्यावर फुलं बदलायला गेलीय, तू बघितलंस याचा तिला अजून पत्ता नाही.

लोर्कन : फोन दे त्यांच्याकडे.

डर्व्हला : लोर्कन, तू आत्ता तापलेला आहेस.

लोर्कन : मग कधी देणार? बुधवारी? शर्ट बदलून?

डर्व्हला : देते. पण मी इथेच गाडीच्या दाराशी उभी राहणार.

(गाडीचं दार उघडल्याचा आवाज.)

फेस्टी : बोल.

लोर्कन : काय बोलू, डॅडी? कसे आहात, असं विचारू?

फेस्टी : बरा आहे.

लोर्कन : पुन्हा तेच.

फेस्टी : खरंच बरा आहे. जखम भरत आली. तुझ्या बहिणीने आज शहाणपणा केला नसता तर आणखी बरा असतो.

डर्व्हला : मी ऐकतेय, डॅडी.

फेस्टी : ऐकावं म्हणूनच बोललो. बजावून सांगितलं होतं हिला.

लोर्कन : तिच्यावर घसरू नका. जे काय बोलायचं ते माझ्याशी बोला. मी सत्तावीस वर्षांचा आहे. खाणीवर विजेच्या जिवंत तारा हातात घेऊन काम करतो. आणि माझ्या बापाचा पाय कापला हे ऐकायला मी लहान आहे?

फेस्टी : लहान आहेस म्हणून नाही.

लोर्कन : मग कशाला? तुम्ही मला वेड्यासारखं हसवत ठेवलंत. आळशी म्हणालो मी तुम्हाला.

फेस्टी : त्याचं मला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. त्या आठवड्यात तेवढा एकच माणूस माझ्याशी नेहमीसारखा बोलला.

लोर्कन : मला वाटतं ना पण. मला आता प्रत्येक बुधवार आठवतोय. तुम्ही माझ्यासाठी ठरवलंत. मला विचारलं नाहीत.

फेस्टी : विचारलं असतं तर तू आला असतास.

लोर्कन : अर्थात आलो असतो.

फेस्टी : झालं तर. आता फोन ठेव.

लोर्कन : नाही ठेवत. मी येणार आहे. कागद होईपर्यंत देश सोडायला परवानगी लागते, ती मागतो, महिन्याभरात मिळेल. दोन आठवड्यांसाठी येतो. जाता-येतानाचं तिकीट काढून.

फेस्टी : माझ्याकडेही परतीचं तिकीट होतं.

लोर्कन : कसलं तिकीट?

फेस्टी : बॉस्टनचं.

डर्व्हला : डॅडी, बॉस्टनची हवा तुम्हाला मानवली नाही म्हणून आलात ना परत? आम्हाला कायम तेच सांगितलंत.

फेस्टी : हवा उत्तम होती.

लोर्कन : मग?

फेस्टी : तुझ्या आजोबांचं अर्धं अंग गेलं. माझ्या बहिणीने फोन केला. मी तेव्हा छपरं घालायचो, मी आणि मॅकअँड्रूचा पोरगा. स्वतःचा ट्रक घेणार होतो आम्ही. त्यावर दोघांची नावं कशी लिहायची, त्यावरून भांडत होतो. मी म्हटलं, तीन आठवड्यांत जाऊन येतो, मग ठरवू. इथे आलो तर बापाला घास भरवायला लागत होता. मेंढ्या व्यायच्या होत्या. मग गवत कापायचं होतं. मग बाप आणखी खचला. एकही दिवस असा आला नाही की मी ठरवलं, आता जायचं नाही. नुसता एकेक दिवस राहत गेलो. तिकिटाची तारीख गेली. मॅकअँड्रूच्या पोराने ट्रकवर एकच नाव लिहिलं.

लोर्कन : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

फेस्टी : काय बोलायचं? राहिलो, म्हणून तुझी आई भेटली. तुम्ही दोघं झालात. मग तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणू की मला जायचं होतं?

लोर्कन : मॅमीला माहीत आहे?

फेस्टी : तिला सगळं माहीत आहे. उगाच फिरली ती दारोदार?

लोर्कन : डॅडी, तुम्हाला निदान फोन आला होता. तुमच्या बहिणीने सांगितलं तुम्हाला. तुम्ही आलात, राहिलात, तो तुमचा निर्णय होता.

फेस्टी : निर्णय कसला? कळलं की माणूस येतो. आणि आला की जाता येत नाही. त्यात ठरवायचं काही नसतं. म्हणून म्हटलं, कळूच द्यायचं नाही.

लोर्कन : आणि तुम्ही मेला असतात तर? तेही मला चर्चच्या कॅमेऱ्यात दिसलं असतं? टाइगने रेडिओचा आवाज वाढवला असता?

फेस्टी : मेलो नाही ना.

लोर्कन : हे उत्तर नाही झालं. तुमच्या भीतीपायी तुम्ही मला पाच महिने खोट्यात ठेवलंत. आणि हिला तिथे डांबून ठेवलंत. तुमच्यावर जे आलं ते माझ्यावर येऊ नये म्हणून हिच्यावर आणलंत, डॅडी. अगदी तेच. हिचंही कुठेतरी एक दुकान होतं, त्याच्यावरही नाव होतं. तिला कुणी विचारलं?

फेस्टी : डर्व्हला स्वतःहून आली.

डर्व्हला : मॅमीने बोलावलं म्हणून आले.

फेस्टी : तू कधी बोलली नाहीस.

डर्व्हला : तुम्ही भिंतीकडे बघत असता. भिंतीशी काय बोलू?

लोर्कन : डॅडी? आहात का?

फेस्टी : आहे.

लोर्कन : मी येतोय. परवानगी मिळाली की लगेच. दोन आठवडे जखम मी धुणार, मेंढ्या मी बघणार, आणि डर्व्हला गॅलवेला जाणार. दुकानाचं काही जमतं का बघेल, नाहीतर नुसती झोपून राहील. दोन आठवडे संपले की मी जाणार. तुम्ही पुन्हा तापाने फणफणलात तरी जाणार. मला विमानात बसवायचं काम तुमचं. तुम्हाला जमलं नव्हतं, माझ्याकडून करून घ्या.

फेस्टी : आणि हिचं पुढे काय?

लोर्कन : ते तिला विचारा. माझ्यादेखत. आत्ता.

फेस्टी : डर्व्हला.

डर्व्हला : काय?

फेस्टी : तुला जायचंय का?

डर्व्हला : हो. जायचंय, डॅडी. आज नाही. तुमचा नवा पाय बसला, तुम्ही दोन पावलं टाकलीत की जाणार. तोवर बाजूच्या घरची बाई सकाळी येईल का ते विचारते मी. आणि तुम्ही पट्टी स्वतः बांधायला शिकायचं. उद्यापासून.

फेस्टी : शिकेन.

डर्व्हला : भिंतीकडे बघत शिकता येत नाही.

फेस्टी : शिकेन म्हटलं ना. एका वेळी किती बोलशील? लोर्कन, माझा राग गेलेला नाही हिच्यावरचा, सांगून ठेवतो. सगळ्या गावासमोर वरातीसारखं मिरवलं मला.

लोर्कन : माझाही तुमच्यावरचा गेलेला नाही.

फेस्टी : असू दे. तो घेऊनच ये. काम करताना बरा पडतो.

लोर्कन : कॅमेरा लावा. तुमचा पाय बघायचाय मला.

फेस्टी : इथे? चर्चच्या दारात?

लोर्कन : मघाशी आख्ख्या चर्चने बघितला.

फेस्टी : डर्व्हला, हे कसं करतात ते कर. ... दिसतंय?

लोर्कन : जरा खाली. अजून खाली धरा. हं.

फेस्टी : एवढंच आहे. रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज येते. तुझ्या आईला झोपेतून उठवतो, ती बिचारी चादर खाजवत बसते.

लोर्कन : दुखतं?

फेस्टी : हो. दुखतं, पोरा. बरंच दुखतं.

लोर्कन : बरं झालं सांगितलंत.

डर्व्हला : मॅमी येतेय. हातात जुनी फुलं आहेत. डॅडी, तिला काय सांगायचं?

फेस्टी : दार उघड तिला. अट्रॅक्टा, ये, बस इथे. फुलं दे माझ्याकडे. लोर्कन आहे फोनवर, त्याने सगळं पाहिलंय. नाही, डोळे पुसू नकोस. आता त्याने पाहिलं तरी चालेल.